अंधार, आवाज आणि व्ह्यू सोर्स

'इमर्सिव्ह' या शब्दाने हल्ली नुसता उच्छाद मांडलाय. चित्रप्रदर्शन इमर्सिव्ह, संग्रहालय इमर्सिव्ह, परवा एका हॉटेलच्या जाहिरातीत तर थाळी पण इमर्सिव्ह निघाली. (थाळीत बुडायची परवानगी आमच्या विदर्भात पूर्वीपासूनच आहे, असो.)

शब्दाचा साधा अर्थ असा, की ही लांब उभं राहून बघायची गोष्ट नव्हे, आत शिरून अंगावर घ्यायची. चारही भिंतींवर, जमिनीवर, छतावर प्रोजेक्टरचा प्रकाश आणि सगळीकडून येणारा आवाज. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हॅन गॉगच्या चित्रांचा असा शो आला, तेव्हा आमच्या टीममधली निम्मी मंडळी निळ्या-पिवळ्या भोवऱ्यात उभी राहून फोटो काढून आली होती. 'द स्टारी नाइट' हे मूळ चित्र जेमतेम अडीच बाय तीन फुटांचं. १८८९ मध्ये, मनोरुग्णालयात राहत असताना काढलेलं. ते भिंतभर मोठं करून आपल्याला त्याच्या आत उभं केलं की छाती भरून येते, हे खरं आहे. मी नाक मुरडणाऱ्यांपैकी नाही. मला असले शो आवडतात, पदरचे पैसे घालून मी ते बघतो.

पण या शोंच्या जाहिरातीत 'प्रेरणादायी अनुभव' हे शब्द हमखास असतात, आणि तिथे माझ्यातला टेस्टर जागा होतो. प्रेरणा हा जर आउटपुट असेल तर तो तपासायचा कसा? माझी टेस्ट केस अगदी साधी आहे. शो बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो? फोटो टाकतो, की काहीतरी करून बघतो?

तर या वीकेंडचा विषय हा. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. प्रकाश आणि ध्वनीच्या खेळात माणसाला पेटवायची ताकद जबरदस्त आहे, पण ती लुमेन आणि डेसिबल वाढवून वाढत नाही. तिला दोन गोष्टी लागतात: खरा अंधार, आणि झाकण उघडून आत डोकवायची मुभा. यातली पहिली गोष्ट रोहण्यात फुकट मिळते आणि पुण्यात पैसे टाकूनही मिळत नाही. दुसरी मात्र दोन्हीकडे मिळत नाही, आणि माझी तक्रार मुख्यतः त्याबद्दल आहे.

(नवीन वाचकांसाठी: रोहणा म्हणजे माझं गाव. जिल्हा वर्धा, तालुका आर्वी. कापूस, तूर, सोयाबीन. एके काळी पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी गावावरून जायची, आता ती बंद आहे.)

आधी थोडा इतिहास, कारण 'हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे' असं कोणीतरी म्हणणारच.

१८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ लोकांसमोर आणला. नाव ऐकून दचकू नका, शांबरिक म्हणजे मायावी आणि खरोलिका म्हणजे दिवा. मॅजिक लँटर्नला त्यांनी दिलेलं हे मराठी नाव. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पडदा. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या काचा भराभर सरकवल्या की पात्र हलल्यासारखं वाटायचं. जोडीला निवेदन आणि संगीत. अंधारात बसलेल्या लोकांसमोर पुराणातली पात्रं प्रकाशाची होऊन उभी राहायची. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईत आला तो १८९६ मध्ये, म्हणजे यानंतर चार वर्षांनी. आज ज्याला आपण ऑडिओ-व्हिज्युअल एक्सपीरियन्स म्हणतो, तो कल्याणमध्ये तेव्हा सुरू होता राव!

पुढे १९५२ मध्ये फ्रान्समधल्या शाम्बोर किल्ल्यावर पॉल रोबेर-हूदँ यांनी पहिला 'साउंड अँड लाइट' शो केला. नट नाही, पडदा नाही. किल्ला स्वतःच पात्र. कुठल्या खिडकीत उजेड पडतो आणि कुठल्या बुरुजाकडून आवाज येतो, एवढ्यावर गोष्ट सांगायची. हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध जादूगाराचे वंशज, ज्याच्या नावावरून हुदिनीने स्वतःचं नाव घेतलं तोच जादूगार. म्हणजे इथेही जादू आणि दिवा यांची सोयरीक आहेच. आपल्याकडे १९६५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असा शो सुरू झाला. अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या शोमध्ये तर आवारातला पिंपळ बोलतो, ओम पुरींच्या आवाजात. ज्यांनी तो बघितलाय त्यांना विचारा. नुसत्या उजेडाने आणि आवाजाने रिकाम्या कोठड्या कशा भरतात ते सांगतील.

आणि आता २०२३ पासून अमेरिकेत लास व्हेगासला 'स्फिअर' आहे. आत सुमारे १,६०,००० चौरस फुटांचा गोलाकार पडदा, १,६७,००० स्पीकर ड्रायव्हर, खर्च २.३ अब्ज डॉलर. टोकियोच्या टीमलॅबच्या संग्रहालयाला २०१८ मध्ये उघडल्यापासून पहिल्याच वर्षात २३ लाख लोक आले. आकडे मोठेच आहेत. पण आपल्या टेस्ट केसचं काय?

त्यासाठी आपल्याकडे एक जबरदस्त डेटा पॉइंट आहे. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या तंबूवजा थिएटरात एका गृहस्थाने ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. वय चाळीसच्या आसपास, छपाईच्या धंद्यातून बाहेर पडलेला, डोक्यावर संसार. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसायला लागले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकलीय. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते भारावून घरी येऊन झोपले नाहीत. त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि फिल्मच्या गुंडाळ्या मिळवल्या, रात्रंदिवस प्रयोग केले, इतके की डोळे बिघडले. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे केले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. मग कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रं रोज थोडी थोडी टिपली आणि दाण्याचा वेल होताना दाखवणारी छोटी फिल्म केली. भांडवल देणाऱ्याला पटवायला तिचा उपयोग झाला. आजच्या भाषेत प्रूफ ऑफ कन्सेप्ट! ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

आता या गोष्टीत एक खोच आहे. फाळके कोरे प्रेक्षक नव्हते. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, फोटोग्राफी आणि छपाई केलेले, शिवाय जादूचे प्रयोग करायचे 'प्रोफेसर केळफा' या नावाने (फाळके उलटं वाचा). म्हणजे पडद्यावरचा प्रकाश बघताना त्यांच्या डोक्यात 'वा!' च्या पाठोपाठ 'कसं?' आलं, आणि 'कसं'चं उत्तर शोधायला लागणारी हत्यारं थोडीफार त्यांच्या हातात होती. विस्मय अधिक 'मला जमेल का?' म्हणजे प्रेरणा. नुसता विस्मय असेल तर ती करमणूक. ती वाईट नसतेच, पण तिला दुसरं नाव देऊ नये.

आमच्या धंद्यातले लोक हे लगेच ओळखतील. आपल्यापैकी कितीजण वेब प्रोग्रामिंग पुस्तकातून शिकले? बहुतेकांनी कुठलंतरी पान आवडलं म्हणून राइट क्लिक केलं, 'व्ह्यू सोर्स' दाबलं, तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला आणि मधलेच दोन आकडे बदलून काय मोडतंय ते पाहिलं. एक अख्खी पिढी त्या मेन्यूतल्या एका ओळीने घडवली. पान कितीही भारी दिसो, त्याचं झाकण उघडं होतं. मोठ्या इमर्सिव्ह शोंना व्ह्यू सोर्स नाही, ही माझी तक्रार.

आणि ही तक्रार हवेतली नाही. गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा रोहण्याहून पुण्याला आला होता. नववीतला पोट्टा. त्याला मी असाच एक शो दाखवायला नेला, एका मॉलमध्ये होता. पहिली दहा मिनिटं साहेब आ वासून उभे. मग भिंतीवरची फुलं बघायचं सोडून मान वर करून छताकडे बघायला लागला.

"मामा, हे कुठून येऊन राह्यलं?"

मी वरचा प्रोजेक्टर दाखवला. त्याने हळूच हात वर करून प्रकाशाच्या झोतात धरला. समोरच्या भिंतीवर, फुलांच्या मधोमध, पाच बोटांची भली मोठी काळी सावली पडली. त्याने बोटं हलवली, सावलीने हलवली. त्या संपूर्ण संध्याकाळीत तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. आणि दुसऱ्याच सेकंदाला तिथला कर्मचारी धावत आला. "हात खाली. लोकांना डिस्टर्ब होतंय. मशीनच्या खाली उभं राहू नका."

त्या कर्मचाऱ्याची चूक नाही, त्याला तसं सांगितलेलं असणार. पण मला वाटलं, आत्ता या खोलीत जी एकमेव खरी इमर्सिव्ह गोष्ट घडत होती ती बंद पाडली गेली. पोरगं प्रकाशात बुडलेलं नव्हतं, प्रकाशाशी बोलत होतं. बाहेर पडताना मी विचारलं, की मागची यंत्रं पोरांना दाखवता का, तिकीट वेगळं घ्या हवं तर. तशी काही सोय नाही म्हणाले. सोय होती ती मग छापलेल्या टी-शर्टच्या दुकानाची :)

पुढची गोष्ट रोहण्यातली. जूनमध्ये त्याचा फोन आला. बुटाच्या खोक्याला भोक पाडून त्याने शाळेच्या प्रयोगवहीबरोबर आलेलं भिंग बसवलं होतं, आत मोबाइल ठेवला होता. "मामा, चित्र उलटं येऊन राह्यलं." भिंग प्रतिमा उलटी करतं, तेव्हा मोबाइलच उलटा ठेव म्हटलं. पुढची अडचण त्याने स्वतःच सोडवली. मोबाइलचा उजेड तो केवढासा, खोलीत जरा प्रकाश असला की भिंतीवर काही दिसेना. म्हणून पठ्ठ्या लाइन जायची वाट बघत बसला. पावसाळ्याच्या तोंडावर रोहण्यात तशी फार वाट बघावी लागत नाही. लाइन गेली आणि घराच्या भिंतीवर आजी ज्वारीची भाकर थापताना दिसायला लागली. खोक्यातून आवाज घुसमटत होता, तर त्याने खरोखरच्या आजीला भिंतीजवळ परात घेऊन बसवलं आणि चित्राबरोबर थापायला लावलं. "अंधारात भाकर कशी थापू रे बाप्पा?" हा संवाद अर्थातच स्क्रिप्टमध्ये नव्हता. शेजारची सात-आठ पोट्टी जमली. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघांनी घरी खोकी कापली.

माझी टेस्ट केस इथे पास झाली. सव्वाशेहून जास्त वर्षं मागे जाऊन बघा: दिवा, भिंग, पडदा, आणि बाजूला बसून आवाज देणारं जिवंत माणूस. पोराला पटवर्धनांचं नावही माहीत नव्हतं.

आता अंधाराबद्दल. हा मुद्दा मला तांत्रिकदृष्ट्याही महत्त्वाचा वाटतो. आपला डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य उजेडात विघटित होतं, ते पुन्हा साठायला तेवढा वेळ लागतो. मध्येच मोबाइल बघितला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे लख्ख मॉलमधून आपण सरळ शोमध्ये शिरतो तेव्हा आपले डोळे आंधळेच असतात, म्हणून प्रोजेक्टर आणखी प्रखर लावावे लागतात. आवाजाचंही तसंच. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदू ओळखतो ते दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या फरकावरून, आणि हा फरक एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो. एवढं सूक्ष्म यंत्र आपण डोक्यावर घेऊन हिंडतो आणि त्याच्यावर बारा फुटी स्पीकर सोडतो.

अंधार हा कच्चा माल आहे हे आता सरकारदरबारीही कळायला लागलंय. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे तिथे अंधार राखायचा, बाहेरचे दिवे आटोक्यात ठेवायचे, आणि लोकांना तारे दाखवायचे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं तंत्र तर याहून जुनं. नोव्हेंबर आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ठराविक दिवशी मावळतीची किरणं देवळात शिरतात आणि रोज थोडी वर चढत देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत जातात. वीज नाही, यंत्र नाही. गाभारा अंधारा आहे म्हणून त्या दोन-चार मिनिटांच्या किरणाला किंमत आहे. आणि हल्ली वाटेत इमारती आल्या की किरणं अडतात. किरणाच्या वाटेतला अडथळा हटवणं हे कुठलाही नवा दिवा लावण्यापेक्षा जास्त कलेचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत.

मंडळी, इथे तुम्ही म्हणाल, की बाबा रे, तुझ्या त्या गावाकडेच आता डीजे आणि लेझर आहेत, तुला कुठला अंधार दिसतो?

मान्य. आणि डीजे हाही इमर्सिव्हच असतो, तेही कबूल करतो. छातीत बेस घुसला की माणूस क्षणभर स्वतःला विसरतो, मी नाचलोय, मला माहीत आहे. पण जरा गणित करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. डीजेजवळ मीटरवर १०५ दिसले तर फरक पन्नासचा. डेसिबलचं मोजमाप लॉगरिदमिक असतं, म्हणजे पन्नासचा फरक हा ऊर्जेत एक लाख पट झाला. एक लाख पट ऊर्जा ओतून दुसऱ्या दिवशी काय उरतं? कानात शिट्टी. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण रुग्ण समोर आणले, पुढे पुण्यात पोलिसांनी मिरवणुकांतल्या लेझरवर बंदीचे आदेश काढले. बघणाऱ्याचे डोळेच खाणारा प्रकाश कसला खेळ!

नुसता मोठा उजेड आणि मोठा आवाज म्हणजे काय, हे आमच्या भागाने एकदा फार वाईट रीतीने बघितलंय. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आभाळ लाल झालं, स्फोटांमागून स्फोट झाले, आजूबाजूच्या गावांतली माणसं घरं सोडून बाहेर पडली. पंधराहून अधिक अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात गेले. त्या रात्रीनंतर आमच्याकडे कित्येक दिवस साधा फटाका वाजला तरी आईचा हात थांबायचा. प्रकाश आणि आवाज माणसाच्या आत थेट जातात, दार न ठोठावता. म्हणूनच ते कोणाच्या हातात आहेत आणि कशासाठी, हे विचारायला हवं.

उलट बाजूचं उदाहरणही आमच्या शेजारचंच आहे. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात, गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं ठिकाण. महाराजांकडे साधन काय होतं? एक खंजेरी आणि गळा. त्या दोन गोष्टींवर त्यांनी विदर्भातली गावंच्या गावं हलवली. १९४२ मध्ये आष्टी-चिमूर पेटलं, त्यात त्यांच्या भजनांचा वाटा मानला जातो, इंग्रज सरकारने त्यांना अटकही केली. सरकारला खंजेरीची भीती वाटली, यापेक्षा ध्वनीच्या ताकदीचा पुरावा काय देऊ? ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराज गेले. दर वर्षी पुण्यतिथीला मोझरीत त्याच वेळेला मौन श्रद्धांजली होते. लाखाच्या घरातला जमाव, आणि सगळे एकदम गप्प. एवढी माणसं असताना कापडाची फडफड ऐकू येते. लास व्हेगासचे १,६७,००० स्पीकर बंद केले तरी तो आवाज तयार करता येणार नाही.

आमच्या बाजूचा सगळ्यात मोठा सरकारी प्रयोग म्हणजे नागपूरच्या फुटाळा तलावावरचं संगीत कारंजं. २०२२ मध्ये चाचणीचे खेळ झाले, निवेदनाला अमिताभ बच्चन, गुलजार, नाना पाटेकर यांचे आवाज. तलाव आणि पर्यावरणाचा वाद कोर्टात गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत चालला. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की मोठ्या खेळाचं सगळंच मोठं असतं: खर्च, देखभाल, वाद आणि शांत पडून राहण्याचा काळसुद्धा. खोक्यातला प्रोजेक्टर कोणी कोर्टात नेत नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. माझी एक सहकारी म्हणाली, "सगळ्यांनीच कशाला काही बनवायला हवं? दिवसभर कोड लिहून डोकं फुटलेल्या माणसाला एक तास सुंदर अंधारात बसू दे ना." खरं आहे. तिला तो तास मिळायलाच हवा, आणि त्याच्या जोरावर ती पुढचा आठवडा काढत असेल तर तीही एक प्रकारची ताकदच. पण तिच्यासाठी असलेल्या शोला मागे एक दार ठेवलं तर तिचं काय जातं? ज्यांना बसायचंय ते बसतील, ज्यांना डोकवायचंय ते डोकावतील. शेवटची वीस मिनिटं दिवे लावा, प्रोजेक्टर कसे जोडलेत दाखवा, पोरांना झोतात हात घालू द्या. गुपित फुटेल अशी भीती असेल तर ती खोटी आहे. व्ह्यू सोर्स उघडं होतं म्हणून वेब संपलं नाही, वाढलं.

आणि गावाकडे काय करता येईल? मी मनाशी आराखडा केलाय, तुम्हीही आपापल्या गावासाठी करून बघा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून एक पद्धत सुरू केली: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही-मोबाइल बंद. त्यांचा हेतू मुलांचा अभ्यास आणि घरातलं बोलणं. पण ही युक्ती रोहण्यासारख्या गावाला वर्षातून एका रात्रीसाठी वापरता येईल. अमावास्या बघायची, शाळेचं मैदान घ्यायचं, अर्धा तास गावातले दिवे घालवायचे. डोळे सरावू द्यायचे, तेवढ्यात आकाशगंगा फुकट. मग एक साधा प्रोजेक्टर, धुतलेलं पांढरं धोतर पडदा म्हणून, चार कोपऱ्यांत चार छोटे स्पीकर. आवाज पोरांनीच आधी गोळा केलेले: विहिरीवरची मोटर, जिनिंगची घरघर, बैलांच्या घुंगुरमाळा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. ज्यांनी नॅरोगेज ऐकलीय अशा म्हाताऱ्यांकडून तिची शिट्टी तोंडाने वाजवून घ्यायची, ते रेकॉर्डिंग मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवायचं. आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी फुकट आहे, चित्रं नाचवायला प्रोसेसिंग फुकट आहे. आमच्यासारख्यांचं काम फक्त दोन वीकेंड तिथे जाऊन बसायचं आणि पोरांच्या हातातला माउस हिसकावून न घेण्याचं. (दुसरं जास्त अवघड.)

यातून उद्या फाळके निघेल असा दावा मी करत नाही. निघेल एखादा साउंडवाला, एखादी लाइट डिझायनर, एखादा फिजिक्सचा मास्तर. नाहीच कोणी निघालं तर ज्या पोरांनी आपल्या आजीचा आवाज अंधारात मैदानभर फिरताना ऐकला, ती पुढच्या वेळी डीजेच्या ट्रकसमोर उभी राहतील तेव्हा एवढं तरी म्हणतील, की यापेक्षा आम्ही भारी केलं होतं. मला ते पुरे आहे. प्रकाश आणि आवाज फक्त विकत घ्यायच्या नाहीतर सोसायच्या गोष्टी आहेत, असं मानून मोठी होणारी पिढी मला नको आहे, शहरातही नको आणि रोहण्यातही नको.

असो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातल्या पोरांसाठी टॅबलेट नेऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसं एक भिंग न्या, आणि बुटाचं रिकामं खोकं फेकू नका. लाइन जायची वाट बघायची नसेल तर सरळ मेन स्विच बंद करा. घरचे ओरडतील. ओरडू द्या, तोही आवाज रेकॉर्ड करून ठेवा :)